वरुणेच्या अलीकडे

कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं की काका तारीख नंतर बघत. आधी मांडव कुठे आहे ते बघत. मांडव वरुणेच्या अलीकडे असेल तर पत्रिका देवापाशी ठेवत आणि नक्की येतो म्हणत. पलीकडे असेल तर पत्रिका आणणाऱ्याच्या हातावर लाडू ठेवत, आतून एक साडी आणून आहेर म्हणून तिथेच त्याच्या हवाली करत आणि विषय संपवत. हल्ली बनारसमधले सगळे लॉन आणि मॅरेज हॉल वरुणेच्या पलीकडे निघालेत. त्यामुळे त्यांच्या कपाटात आहेराच्या साड्या कायम असत आणि लग्नाचं जेवण मात्र ते कित्येक वर्षांत जेवलेले नव्हते.

ज्यांनी बनारस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उत्तरेला वरुणा, दक्षिणेला अस्सी, पुढ्यात गंगा, आणि यांच्या मधली ती काशी. या हद्दीत मरण आलं तर माणूस सुटला, पुन्हा जन्म नाही, अशी तिथली श्रद्धा. वरुणा ही काही मोठी नदी नव्हे. काळपट पाण्याचा अरुंद प्रवाह आहे, आणि रिक्षात बसून गप्पा मारत असलात तर पूल कधी आला आणि गेला ते कळत नाही. तो पूल ते ओलांडत नसत. गंगेतल्या होडीतही बसत नसत, कारण होडी मध्यावर जाते. रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून नोकरी केलेला माणूस, सगळ्या देशाची तिकिटं विकलेला, निवृत्तीनंतरचे फुकट पास तसेच पडून होते.

मी त्यांना काका म्हणायची. घाटावरचे लोक कोठीवाले पंडितजी म्हणत. मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होते तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेली होती. त्यांचा एक डोळा स्वच्छ होता आणि दुसऱ्यावर मोतीबिंदूचा पडदा. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर अलीकडेच, गोदौलिया चौकाजवळ बसत. दुसऱ्याची वेळ येईपर्यंत त्यांनी दवाखाना वरुणेपलीकडे हलवला. काकांनी दुसरा डोळा तसाच ठेवला. "एका डोळ्याने गंगा दिसते," ते म्हणत, "आणखी काय बघायचंय?"

ज्या कोठीत, म्हणजे घाटावरच्या जुन्या वाड्यात, ते राहत तिच्या मालकीचा खटला दोन पिढ्या चालू होता. कोर्टही वरुणेच्या पलीकडे. काका मुख्य साक्षीदार, आणि ते कधी हजरच झाले नाहीत. दोन्ही बाजूंचे वकील त्यांच्याकडे येऊन चहा पिऊन जात. त्यामुळे खटला निकाली निघत नव्हता, कोठी विकली जात नव्हती आणि मला तिच्यात भाड्याने खोली मिळाली.

माझी बँकेची बदली बनारसला झाली, मुलगा होस्टेलवर, नवऱ्याची नोकरी नागपुरात. बँकेचं क्वार्टर रिकामं व्हायला वेळ होता. मराठी माणसाचं घर, शाखेपासून पायी अंतर, समोर नदी, उंच छताची हवेशीर खोली. मी पहिल्याच फेरीत हो म्हटलं. शाखेत सांगितलं तेव्हा आमचे हेड कॅशियर मिश्राजी हातातला पानाचा विडा तोंडाजवळ धरून थांबले. "उस कोठी में, मॅडम?" एवढंच म्हणाले आणि विडा तोंडात टाकला. बनारसी माणूस पान तोंडात असताना बोलत नाही, त्यामुळे पुढचं मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी कळलं की त्या कोठीच्या बुरुजाखाली दिवेलागणीनंतर एकही नावाडी होडी बांधत नाही.

कोठी दगडी होती, घाटाच्या पायऱ्यांवर किल्ल्यासारखी उभी. दक्षिणेतल्या कुणा सरदाराने ती आपल्या आईच्या काशीवासासाठी बांधली. काकांचे पूर्वज तेव्हा कारभारी म्हणून आले आणि मालक बदलत गेले तरी तेच राहिले. सरदारांच्या घराण्याकडून ती एका गोऱ्या साहेबाकडे गेली, त्याने खालच्या दालनात अफूच्या पेट्या ठेवल्या. मग बंगाली जमीनदार आले, त्यांच्या झुंबराची कडी दिवाणखान्याच्या छताला अजून लटकते. त्यानंतर वरचा मजला काशीवासाला आलेल्या विधवांना दिला गेला. एकेक खोली, एकेकीची चूल, आणि चुलीमागे भिंतीवर चढलेली काजळी. चुना कितीही मारा, काजळी आठवड्याभरात पुन्हा दिसायची. माझ्या खोलीतही कोपऱ्यात तसा एक काळा पट्टा होता, माणसाच्या उंचीचा. मी त्यावर कॅलेंडर लावलं. कॅलेंडर पुरलं नाही.

पहिल्या दिवशी काकांनी मला सगळ्या खोल्या दाखवल्या. खोलीत शिरण्याआधी ते दारात थांबून खाकरायचे, सुनेच्या खोलीत जाताना सासऱ्याने खाकरावं तसं. रिकाम्या खोलीतही. मी विचारलं तर म्हणाले, "सवय आहे." मग माझ्या दाराशी आले आणि भाड्याची एकच अट सांगितली. दाराला आतून कडी नव्हती. कुठल्याच दाराला नव्हती. लाकडात फक्त जुन्या स्क्रूंची भोकं होती. बाहेर जाताना कुलूप लावा, आत असताना दार नुसतं लोटायचं.

"मी एकटी बाई आहे, काका."

"खालचा दरवाजा मी बंद करतो ना. बाहेरचा माणूस येणार नाही, तुम्ही परेशान नका होऊ."

मी परेशान होणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणि स्क्रू आणले आणि स्वतःच बसवली. त्या रात्री छान झोप लागली. दुसऱ्या संध्याकाळी बँकेतून आले, कुलूप उघडलं, तर कडी टेबलावर ठेवलेली आणि सगळे स्क्रू माझ्याच चहाच्या बशीत व्यवस्थित मांडलेले. मी तशीच खाली गेले. माझ्या खोलीत माझ्या मागे शिरायचा तुम्हाला काय अधिकार, असं सरळ विचारलं. त्यांनी माफी मागितली, अगदी हात जोडून, आणि वर म्हणाले की पुन्हा लावलीत तर मी पुन्हा काढीन.

"का पण?"

"आतून बंद दिसलं तर आलेला माणूस परत जातो, बाई."

"कोण येणार आहे?"

"जे गेलेत बाहेर, ते." आणि मग नळाला पाणी आलं म्हणून ते बादली घेऊन गेले.

त्या दिवसापासून मी आत असताना दाराला खुर्ची लावू लागले. लाकडी, जड, हात असलेली खुर्ची. तिला त्यांनी हरकत घेतली नाही.

आवाजाकडे माझं लक्ष गेलं ते एका सुट्टीच्या दुपारी. सहाणेवर चंदन उगाळल्याचा आवाज. माझ्या माहेरी वडील रोज उगाळायचे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. ओला, खरखरीत, गोल फिरणारा, मधेच पाणी घालायला थांबल्यासारखा थांबणारा. शेजारच्या बंद खोलीतून येत होता. मला वाटलं काका पूजेची तयारी करतायत. पण वास नव्हता. चंदन इतक्या जवळ उगाळलं जातंय आणि वास नाही, हे मला आवडलं नाही.

मी काकांना बोलावून ती खोली उघडायला लावली. ते खाकरले, कुलूप काढलं. आत काही नव्हतं. फरशीवर धूळ होती आणि धुळीवर पाऊल नव्हतं. आवाज थांबलेला होता. आम्ही दार लावून माझ्या खोलीपर्यंत आलो तेव्हा तो पलीकडच्या खोलीतून येऊ लागला. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "होडीची दोरी घासते खाली, दगडातल्या कडीला," ते म्हणाले.

ते मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. दोरी घासते. होड्या हलतात, दोरी घासते, दगडी भिंतीतून आवाज वर येतो. मी हे नवऱ्याला फोनवर सांगितलं, मिश्राजींना सांगितलं. मग श्रावण आला, गंगा पायऱ्या चढून वर आली, नावाड्यांनी होड्या ओढून दुसऱ्या घाटाला नेऊन बांधल्या. बुरुजाखाली पाण्याशिवाय काही उरलं नाही. आवाज रोज दुपारी येत राहिला.

कोठीची कीर्ती दूरवर होती. गॅसवाला सिलिंडर गल्लीतल्या उंबऱ्यावर ठेवून जायचा. जेवण घेऊन येणारी पोरं खालून फोन करायची, मॅडम, नीचे आ जाइए. एकदा तर दोन तरुण कॅमेरे आणि कसलंसं दिवे लुकलुकणारं यंत्र घेऊन आले, भुतांचे व्हिडिओ करणारे. काकांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि समजावून सांगितलं की काशीत भूत असूच शकत नाही. इथे मेलेला सुटतो, मागे राहायला उरतच नाही.

"लेकिन लोग तो बोलते हैं," त्यातला एक म्हणाला.

काका म्हणाले की लोक बोलतात ते काशीतल्या मेलेल्यांबद्दल नाही. इथे मरायला म्हणून आले आणि चार पावलं बाहेर जाऊन मेले, ते परत येतात. त्यांना वाटतं अजून जमेल. मग त्यांनी त्या मुलांना गाव विचारलं. मुलं कानपूरची होती. "मग तुम्ही जरा जपून राहा," काका म्हणाले. मुलांनी यंत्र पिशवीत भरलं आणि चहा अर्धा टाकून गेली. मी वरच्या कठड्यावरून हसत होते. काका हसत नव्हते. मुलं गेली त्या दिशेने ते बराच वेळ बघत राहिले, काळजीने.

माणूस तऱ्हेवाईक होता, पण खुळा नव्हता. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, माझ्या आयकराच्या चुका काढायचे, पुरात सापडलेल्या कुत्र्यांना गच्चीवर आणून भाकरी घालायचे. त्यांची मराठी पिढ्यान्पिढ्या घराबाहेर न पडलेली, हिंदीच्या शेजारात वाढलेली. "मी जरा चौकात होऊन येतो" म्हणायचे. एक गोष्ट मला खटकायची. बनारससारख्या गावात, पूजापाठ करणारा दक्षिणी ब्राह्मण, आणि कपाळ कोरडं. कधी गंध नाही, टिळा नाही. विचारायचं मनात आलं, पण आवाजानंतर चंदनाचा विषय काढायची मला हिंमत झाली नाही.

आणि त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. कुणी मेल्याची बातमी आली की आधी विचारत, कुठे? मग म्हणत, "मरायला वेळ लागत नाही, जागा लागते."

भीतीचं म्हणाल तर एक दुपार मी विसरू शकत नाही. पूर तसाच होता, बँकेला सुट्टी होती, मी कपड्यांना इस्त्री करत होते. खिडकीतून खाली काका दिसत होते, बुडलेल्या पायऱ्यांच्या काठाशी उभे, छत्री उघडी. शेजारचा आवाज चालू होता. मग तो थांबला. थांबायचा तसाच थांबला, पण पुन्हा सुरू झाला नाही. मी इस्त्री उभी ठेवली. खुर्ची सरकली. दगडी फरशीवर लाकडाचा पाय घासत जातो तसा आवाज करत, सावकाश, कुणी घाई न करता दार ढकलावं तशी. दारात हात शिरेल एवढी फट पडली. वारा नव्हता, कॅलेंडरचं पान हलत नव्हतं. मी "काका?" म्हटलं, ते खाली आहेत हे दिसत असूनही. फटीतून काही आत आलं नाही. पण माझी खात्री आहे की तिथून कुणीतरी मला पाहिलं, आणि आपण शोधतोय ते माणूस मी नव्हे हे कळल्यावर दार तसंच सोडून गेलं.

इस्त्रीची वायर जळल्याचा वास येईपर्यंत मी उभी होते. मग मी स्विच बंद केला, कारण आग लागली असती. काका वर आले तेव्हा मी जिन्यात बसलेली होते. त्यांनी खुर्ची बघितली, फट बघितली. "काही करत नाही ती," ते हळूच म्हणाले. "बघून जाते." कोण ती, ते मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा बघून विचारवलं नाही.

तुम्ही विचाराल की मग राहिलात कशाला. क्वार्टर अजून रिकामं नव्हतं आणि भूत दार लोटतं म्हणून बँकेत अर्ज करता येत नाही. मी पलंग खिडकीशी ओढला आणि सुट्टीच्या दुपारी शाखेत जाऊन काम करू लागले. साहेबांनी माझी तारीफ केली.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझ्या पोटात दुखायला लागलं. मी दोन दिवस ओवा खाल्ला. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच वाकले. मिश्राजींनी आणि शिपायाने मला बँकेच्या यादीतल्या रुग्णालयात नेलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, संध्याकाळी ऑपरेशन ठरलं. नवरा मिळेल त्या गाडीने निघाला, पण पोचायला सकाळ होणार होती. मिश्राजी कागदपत्रं आणायला शाखेत परत गेले, शिपाई कोठीवर निरोप द्यायला. मी सलाईन लावून पडलेली, आणि तोपर्यंत मला सुचलंही नव्हतं की आपण वरुणेच्या पलीकडे आहोत.

दारात काका उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, छत्री गळत होती, ओठ पांढरे. मागे एक ऑटोवाला गोंधळून उभा. मला वाटलं भास होतोय.

"चला बाई," ते म्हणाले. "गाडी खाली उभी आहे."

"कुठे?"

"आत. काशीत. पूल दूर नाही. अजून वेळ आहे."

नर्स धावत आली, पेशंटला हलवायचं नाही म्हणाली. काकांनी तिचं ऐकलंच नाही. ते पुढे आले आणि सलाईनचा स्टँड एका हाताने धरला, तो न्यायचा कसा याचा विचार करत. कोठीत मी घाबरले होते, पण ही भीती वेगळी होती. माझ्या अंगात उठून बसण्याचं त्राण नव्हतं आणि हा माणूस मला वाचवायला आलेला होता. कशापासून वाचवायला, ते त्याला नक्की माहीत होतं.

"काका," मी म्हटलं, "मला मरायचं नाहीये. मी बरी व्हायला आलेय इथे."

ते थांबले.

"तिनेही हेच म्हटलं होतं," ते म्हणाले. "सकाळी. बरी होऊन येते म्हणून. संध्याकाळी म्हणाली, मला परत न्या. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उद्या बघू. खिडकीतून पूल दिसत होता, बाई. इतका जवळ. मी डॉक्टरांचं ऐकलं."

त्यांच्या बायकोबद्दल मला त्याआधी एवढंच माहीत होतं की ती गेली. ती रोज त्यांच्यासाठी गंध उगाळायची, हे त्यांनी पुढच्या वाक्यात सांगितलं. ते सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी त्यांना परत जायला सांगितलं. मिश्राजी येतील, नवरा सकाळी येईल, तुम्ही कशाला इथे थांबता, तुमचंच वय काय. ते खरंच वळले. दारापर्यंत गेले. मग ऑटोवाल्याला जायला सांगून परत आले आणि भिंतीकडच्या लोखंडी खुर्चीत बसले.

"तेव्हा मी चहा प्यायला खाली गेलो होतो," एवढंच म्हणाले.

पुढचं मला नर्सने सांगितलं. मला आत नेल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसले, पाठ न टेकवता. मिश्राजींनी आग्रह केला तरी घरी गेले नाहीत, पाणीही घोटभरच प्यायले. जी नर्स समोरून जाईल तिला मनगट पुढे करून नाडी बघायला सांगत. ठीक आहे म्हटलं की मान हलवत आणि पुन्हा छातीवर हात ठेवून बसत. रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. झोपेत काही झालं तर कळणार नाही, म्हणाले. नर्स हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. टाके होते म्हणूनही आणि इतरही कारणाने.

सकाळी मी शुद्धीवर होते. नवरा आला, बॅग अजून खांद्यावर होती. काका दारात आले. त्याला ते पहिल्यांदा भेटत होते, पण नमस्कार नाही, चौकशी नाही.

"आता मी जाऊ?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली आणि नवऱ्याला म्हटलं, यांना पोचवून ये. ते ऑटोत बसायला तयार झाले नाहीत. गाडी बंद पडली, टक्कर झाली तर? पायांवर त्यांचा भरवसा होता. माझा नवरा इंजिनियर आहे, वर्णन करण्याची त्याला हौस नाही. त्याने सांगितलं की म्हातारा पुलाकडे जवळजवळ पळत गेला, एक हात छातीवर, आणि पुलावर चढल्यावर श्वास धरल्यासारखा गप्प झाला. काशीकडच्या टोकाला पोचताच फूटपाथवर बसला, पाय रस्त्यात पसरून. सायकलवाले शिव्या देत वळसा घालून गेले. कुणीतरी पाणी आणलं. पाणी ते सगळंच्या सगळं प्यायले.

मी बरी होऊन कोठीत परत आले तेव्हा त्या प्रसंगाबद्दल ते एकच वाक्य बोलले. पुढच्या खेपेला आजारी पडाल तर अलीकडे पडा. नंतर क्वार्टर रिकामं झालं. तरी मी गेले नाही. खुर्ची लावत राहिले, दुपारी शाखेत जात राहिले, पण गेले नाही. बदली झाल्यावरच कोठी सोडली. निघताना त्यांनी मला साडी दिली. कपाटातल्यापैकीच असावी.

मागच्या उन्हाळ्यात मिश्राजींचा फोन आला. पंडितजी गेले म्हणाले. आणि माझ्या तोंडून, मला काही कळायच्या आत, निघालं, "कुठे?"

मिश्राजी बनारसचे. त्यांना प्रश्न समजला. म्हणून त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं.

कोठीत माझ्या जागी एक तरुण जोडपं राहायला आलं होतं, कुठल्याशा कंपनीत नोकरीला. त्यांना काकांच्या तऱ्हा माहीत होत्या, पण त्यामागचं काही माहीत नव्हतं. काका जिन्यात बेशुद्ध पडलेले सापडले. त्या दोघांनी शेजाऱ्यांना हाका मारून त्यांना खुर्चीत बसवलं, गल्लीतून उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. जे कुणीही करेल ते केलं. मी असते तर मीही तेच केलं असतं. ॲम्ब्युलन्स निघाली वरुणेपलीकडच्या मोठ्या रुग्णालयाकडे, आणि पुलावर अडकली. पुढे एक ट्रक बंद पडला होता, मागे गाड्या लागलेल्या. सायरन वाजत होता, गाडी तसूभर हलत नव्हती. तो मुलगा काकांजवळ बसला होता. पुलावर चढताना काकांचा श्वास चालू होता. पुलावरून उतरल्यावर नव्हता.

"पुलावर गेले, मॅडम," मिश्राजी म्हणाले. "आता पूल कुठल्या बाजूचा धरायचा?"

त्यांनी दोन शास्त्र्यांना विचारलं होतं. एक म्हणाले प्रवाहाच्या मध्यापर्यंत काशी. दुसरे म्हणाले की पुलावर असताना माणूस जमिनीवरही नसतो आणि पाण्यातही नसतो, तेव्हा काही सांगता येत नाही.

"गाडी मध्याच्या अलीकडे होती की पलीकडे?" मी विचारलं. "त्या मुलाला विचारा."

विचारलं होतं. मुलाला माहीत नव्हतं. तो खिडकीबाहेर बघतच नव्हता, काकांच्या चेहऱ्याकडे बघत होता. बिचारा रडायला लागला, म्हणाला, मला कुणी सांगितलं असतं तर मी लक्ष ठेवलं असतं.

आयुष्यभर मी हिशेबाची कामं केली. जिथे आकडा नसतो तिथे आकडा घालू नये, हे मी किती ज्युनियरना शिकवलंय.

"अलीकडे होती," मी म्हटलं. "मध्याच्या अलीकडे. सगळ्यांना असंच सांगा. त्या मुलालाही सांगा."

"जी, मॅडम," मिश्राजी म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी हेच सांगते, नवऱ्यालाही हेच सांगितलं. दिवसा मलाही ते खरं वाटतं.